रविवारचं लक्षात आहे ना?

भाऊसाहेबांनी ज्या क्षणी "हं" म्हटलं, त्या क्षणी ते एक गालिचा धुतला जात असताना पाहत होते. गालिचा त्यांचा नव्हता. त्यांच्या घरात गालिचा कधी आलाच नव्हता. पण हातातल्या मोबाइलवर कुठल्यातरी लांबच्या गावातला एक माणूस चिखलाने माखलेला गालिचा ब्रशने घासत होता, आणि चिखलाखालून लाल रंग दिसायला लागला होता. तो रंग पूर्ण बाहेर येईपर्यंत भाऊसाहेबांना जगातली दुसरी कुठलीही गोष्ट महत्त्वाची वाटणं शक्य नव्हतं. तेवढ्यात समोरून त्यांच्या पत्नी काहीतरी म्हणाल्या. बराच वेळ म्हणाल्या. शेवटी आवाज जरा वर गेला, म्हणजे तो प्रश्न असावा, असा अंदाज बांधून भाऊसाहेबांनी "हं" म्हटलं.

या "हं"बद्दल दोन शब्द सांगायला हवेत. भाऊसाहेब पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागाचे मुख्य लेखनिक होते. नळाला पाणी नाही, नळाला फार पाणी आहे, पाण्याला वास आहे, अशा तक्रारी ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ऐकता ऐकता त्यांना न ऐकण्याची कला साधली होती. त्यांच्या "हं"मध्ये सहानुभूती असे, आश्चर्य असे, प्रसंगी संतापही असे. फक्त कान नसत. कार्यालयात या कलेचं कौतुक होतं. घरी कौतुक होत नव्हतं.

पत्नीला सगळा जिना वहिनी म्हणे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. मागे एकदा वहिनींनी पाहुणे येणार असल्याचं सांगितलं होतं, भाऊसाहेबांनी "हं" म्हटलं होतं, आणि पाहुणे आले तेव्हा ते बनियनवर, केसांना कलप लावून, दारात उभे राहिले होते. त्या दिवशी वहिनी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "पुढच्या वेळी असं झालं ना, तर मी तुम्हाला काही सांगणंच बंद करीन. रागावणार नाही. रुसणार नाही. नुसतं सांगणार नाही."

भाऊसाहेब तेव्हापासून मनातून घाबरलेले होते. वहिनींचं बोलणं ते ऐकत नसत, ही गोष्ट वेगळी. पण ते बोलणं घरात चालू असे, आणि ते चालू आहे म्हणून घर चालू आहे असं त्यांना वाटे. फ्रिजची घरघर थांबली की स्वयंपाकघर जसं एकदम दचकतं, तसं आपलं घर एक दिवस दचकेल, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

तर गालिच्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे ठेवत वहिनी म्हणाल्या, "रविवारचं लक्षात आहे ना? तुम्ही हो म्हणालात म्हणून मी सगळीकडे कळवलं."

"म्हणजे काय!" भाऊसाहेब म्हणाले. "विसरेन कसा?"

आणि त्यांना घाम फुटला.

पहिला उपाय त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला. मोबाइल बुटांच्या कपाटात, पावसाळी बुटात खोल घातला आणि ते स्वयंपाकघरात वहिनींसमोर येऊन बसले. वहिनी कधी ना कधी रविवारविषयी बोलतील, त्या वेळी आपण हजर असावं, एवढाच हिशेब. सुरुवातीला फार जड गेलं. अंगठा सवयीने टेबलक्लॉथवरच्या फुलांवरून वर सरकायचा. एकदा तर फूल मोठं करून पाहण्यासाठी त्यांनी त्याच्यावर दोन बोटं फाकवली.

"काय हवंय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. तू बोल."

"मी? काय बोलू?"

"काहीही. मी ऐकतोय."

वहिनींनी हातातला चमचा खाली ठेवला, नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्या बोलायला लागल्या. कोपऱ्यावरच्या शिंपिणीच्या मुलीचं ठरलं होतं. वरच्या मजल्यावरची टाकी गळत होती. खांदा हल्ली दुखत नाही, उलट हलका वाटतो. भाऊसाहेबांनी सगळं कान देऊन ऐकलं. रविवार कुठेच नव्हता.

दुसरा उपाय शेजारच्या दंतवैद्यांचा. हे गृहस्थ सल्ला देण्यात हौशी होते, कारण समोरच्याने तोंड उघडं ठेवून गप्प बसायचं, ही त्यांच्या धंद्याची रीतच होती. जिन्यात भाऊसाहेबांची सगळी हकिकत ऐकून ते म्हणाले, "थेट विचारायचं नाही. थेट विचारलंत की संपलात. मुद्दाम चुकीचं बोला. बायको चूक दुरुस्त करते. चूक दुरुस्त केल्याशिवाय कुठल्याही बायकोला राहवत नाही. त्यात माहिती मिळते."

"आणि तुमच्या घरी हे चालतं?"

"आमच्याकडे मी चुकीचं बोलण्याची गरज पडत नाही. मी बोलतो ते चुकीचंच असतं," दंतवैद्य म्हणाले.

भाऊसाहेबांनी त्याच संध्याकाळी खडा टाकला. "रविवारी घरूनच भरपेट जेवून निघू, काय?"

"छे, छे!" वहिनी म्हणाल्या. "जेवून काय जाताय? पोट हलकं हवं."

म्हणजे तिकडे जेवण होतं आणि तेही दणदणीत. लग्न किंवा स्वागतसमारंभ. भाऊसाहेबांनी कपाटातला सूट काढला. सुटाचं आणि त्यांचं बरेच दिवस पटत नव्हतं. पँटच्या हुकाने तर उघड असहकार पुकारला. ती कोपऱ्यावरच्या शिंपिणीकडे गेली.

"कपडे मात्र चांगले घालीन," त्यांनी दुसरा खडा टाकला.

"अहो साधे घाला. आणि एक जोड बरोबर घ्या."

जोड बरोबर! म्हणजे मुक्काम. साधे घाला हे बायका म्हणतातच, त्याकडे लक्ष द्यायचं नसतं. पण मुक्काम म्हटला की सोमवारची रजा आली, आणि रजा म्हटली की मोठे साहेब आले.

मोठ्या साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "कारण लिहिलं नाहीत."

"घरगुती आहे, साहेब."

"घरगुती म्हणजे काय? लग्न, आजारपण, पाहुणे? कारणाशिवाय रजा पुढे सरकत नाही."

"तेच शोधतोय, साहेब."

"तुम्ही रजा घेताय आणि कशासाठी ते तुम्हालाच माहीत नाही?"

"पत्नीला माहीत आहे."

"मग त्यांना अर्ज करू द्या," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद परत केला. हा अपमान भाऊसाहेबांनी गिळला. त्यांनी स्वतः आयुष्यभर हजारो अर्ज असेच परत केले होते, पण अर्ज परत घेताना हात एवढे अवघडतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी कारणापुढे "अटळ" असं लिहिलं. साहेब म्हणाले, "बघतो. कळवीन."

याच सुमारास त्यांच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. रविवारविषयी सगळ्यांना माहीत होतं. इस्त्रीवाला सूट घेताना हळूच म्हणाला, "साहेब, डगमगू नका हं. वहिनींची सगळी भिस्त तुमच्यावर आहे." शिंपिणीने पँट देताना हात जोडले आणि ती म्हणाली, "वहिनींची कमाल आहे, या वयात!" दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीला फोन केला तर ती हुरळूनच गेली.

"बाबा, तुम्ही हो म्हणालात हे ऐकून मला इतकं बरं वाटलं! खरं सांगू, मला वाटलं नव्हतं."

"अगं, पण नक्की तयारी काय करायची, हे जरा—"

"तयारी काही नाही. फक्त नजर हलवायची नाही. आईने सांगितलंय ना?"

"सांगितलंय, सांगितलंय," भाऊसाहेब म्हणाले. ज्या बातमीचा आपल्याला पत्ता नाही ती इस्त्रीवाल्याला तोंडपाठ आहे, याचं दुःख फार वेगळं असतं. वहिनींनी तिथे काही जास्त सांगितलं नव्हतं. त्या लोकांनी ऐकलं होतं, एवढंच.

"कोण कोण येणार आहे?" त्यांनी शुक्रवारी विचारलं. हा तिसरा खडा.

"माझ्या ओळखीचे सगळे. दादासुद्धा येतोय."

दादा म्हणजे वहिनींचे थोरले भाऊ. त्यांच्याशी भाऊसाहेबांचा अबोला होता आणि त्याचं कारण एक शिडी होती. भाऊसाहेबांनी ती त्यांच्याकडून पंखा पुसायला आणली आणि परत नेली नव्हती. पुढे दादा सर्वांदेखत "शिडी" या विषयावर बोलले आणि भाऊसाहेब सर्वांदेखत उठून गेले. आता सगळ्या नातेवाइकांसमोर पुन्हा शिडीचा विषय निघणार हे उघड होतं. भाऊसाहेबांनी गॅलरीतली शिडी ओढून काढली आणि पुसून दाराशी उभी केली.

शनिवारी दुपारपर्यंत सगळं जुळत आलं होतं. आणि मग वहिनी सहज म्हणाल्या, "उद्या घाबरू नका हं. तुम्हाला बोलायचं काही नाही. फक्त उभं राहायचं. बाकी मी बघते."

भाऊसाहेब खुर्चीत बसले. पोट हलकं हवं. कपड्यांचा जोड बरोबर. नजर हलवायची नाही. घाबरू नका. सगळे नातेवाईक येणार. या वयात कमाल आहे. आणि गेले काही महिने वहिनी रोज पहाटे कुठेतरी जाऊन येत होत्या, परत येत तेव्हा अंगाला औषधासारखा वास येई. भाऊसाहेबांना वाटे, फरशी पुसली असेल.

लग्न नव्हतं. ऑपरेशन होतं. आणि ते त्यांचं नव्हतं.

सूट, शिडी, रजा हे सगळं एका क्षणात मूर्खपणाचं वाटायला लागलं. आपली बायको महिनोन् महिने कुठल्या तरी दवाखान्यात एकटी जाते, एक दिवस धीर करून समोर बसून सांगते, बरोबर याल का विचारते. आणि आपण त्या वेळी परक्याचा गालिचा धुताना पाहत असतो. भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. वहिनी गाणं गुणगुणत भांडी लावत होत्या. किती शूर आहे ही, असं त्यांना वाटलं.

"अगं," ते म्हणाले.

"काय?"

आपण ऐकलं नव्हतं असं सांगावं, तर उद्यापासून ती काही सांगणार नाही. आणि उद्या तिला सांगायची फार गरज असणार. "काही नाही," ते म्हणाले. "भांडी मी लावतो."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, ओठ आवळून धरले आणि त्या पटकन बाहेर निघून गेल्या. रडू आवरत असेल, असं भाऊसाहेबांना वाटलं.

रविवारी सकाळी टॅक्सी दाराशी आली. भाऊसाहेब सूट आणि टाय घालून जिना उतरले. एका हातात कपड्यांचा जोड आणि घरात होते नव्हते ते सगळे वैद्यकीय अहवाल घातलेली पिशवी, दुसऱ्या हातात शिडी.

"शिडी कशाला?" वहिनी म्हणाल्या.

"असू दे. दादांना देऊन टाकतो. मनात काही राहायला नको."

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सुटाकडेही एकदा पाहिलं आणि मग खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. टपावर शिडी बांधलेली ती टॅक्सी वळणावळणावर करकरत निघाली. पहिल्या सिग्नलला भाऊसाहेबांचा धीर सुटला.

"मी ऐकलं नव्हतं," ते म्हणाले. "त्या दिवशी तू सांगत होतीस ना, तेव्हा मी ऐकलंच नव्हतं. नुसतं हं म्हणालो. मला काहीसुद्धा माहीत नाही. तुला काय झालंय, तेवढं सांग. मी कुठे जात नाही. पण सांग."

टॅक्सीवाल्याने आरशातून मागे पाहिलं. वहिनींचे खांदे जरा हलले. मग त्या खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "पोचलोच आता. डोळ्यांनी बघा."

भाऊसाहेबांना कळून चुकलं. सांगणं बंद झालं होतं. शब्द पाळला होता तिने.

टॅक्सी एका लांबट इमारतीसमोर थांबली. आत शिरताच तो औषधी वास आला, आणि भाऊसाहेबांनी पिशवी छातीशी धरली. पण समोर खाटा नव्हत्या. निळंशार पाणी होतं. भलं मोठं, चौकोनी, हलतं पाणी. आणि काठावर रबरी टोप्या घातलेली पोक्त माणसं थंडीने कुडकुडत उभी होती. पहारेकऱ्याने शिडीकडे बोट दाखवून सांगितलं, "साहेब, आत उतरायला शिडी आहे आमची. घरून आणायला लागत नाही."

दादा बाकावर बसले होते. त्यांनी शिडी पाहिली, सूट पाहिला आणि म्हणाले, "आणलीत का शेवटी?" भाऊसाहेबांनी शिडी त्यांच्या हातात दिली. दोघांत एवढंच बोलणं झालं, पण अबोला मोडला.

गळ्यात शिट्टी अडकवलेल्या प्रशिक्षक बाई पुढे आल्या. त्यांची एक रीत होती आणि त्या ती कडक पाळत. शिकाऊ माणूस पहिल्यांदा खोल टोकापासून उथळ टोकापर्यंत सलग पोहतो, तेव्हा बाई त्याच्याबरोबर नसतात. उथळ टोकाला, कमरेएवढ्या पाण्यात, त्याच्या घरचं कुणीतरी उभं असतं. पोहणाऱ्याने फक्त त्या चेहऱ्याकडे बघत यायचं. आणि त्या चेहऱ्याने नजर हलवायची नाही.

"तुम्ही समोरचा माणूस ना?" त्यांनी भाऊसाहेबांना विचारलं. "असे आलात?"

"मला वाटलं, जेवण आहे," भाऊसाहेब म्हणाले. त्यांना आता एवढं हलकं वाटत होतं की बाईंना मिठी मारावीशी वाटली. ऑपरेशन नव्हतं. काहीच झालेलं नव्हतं. बायको पोहत होती!

वहिनींच्या आधी औषधांच्या दुकानाचे मालक उतरले. समोर त्यांची बायको उभी होती, मोबाइल डोळ्यांपुढे धरून. मालक छान येत होते; पण अर्ध्यावर ती चित्र नीट बसवायला पडद्यात डोकावली, आणि मालकांना समोर चेहऱ्याऐवजी मोबाइलची पाठ दिसली. ते बिचारे वळले ते थेट भिंतीला जाऊन चिकटले.

"बाई, तो ठेवा आणि नवरा बघा!" प्रशिक्षक बाई ओरडल्या. "व्हिडिओ माझा मदतनीस काढतोय. सगळ्यांना पाठवीन. तुम्ही फक्त बघा!"

मग वहिनींचं नाव पुकारलं गेलं. टोपी, काळा पोशाख, चष्मा काढलेला. खोल टोकाला त्या एकदम लहान दिसल्या. बदलायला दुसरा जोड होता, पण तोही शर्ट-पँटच. भाऊसाहेबांनी कोट आणि बूट काठावर ठेवले आणि टाय लावूनच ते पायऱ्यांनी पाण्यात उतरले. पाणीपुरवठ्यात हयात गेली, पण बादलीपेक्षा खोल पाण्यात ते प्रथमच उभे होते.

शिट्टी झाली. वहिनी निघाल्या. हात उचलायचा, तोंड वळवायचं, श्वास घ्यायचा. आणि दर श्वासाला त्यांचे डोळे भाऊसाहेबांना शोधायचे. भाऊसाहेबांनी पापणीसुद्धा हलवली नाही. एवढा वेळ सलग त्यांनी बायकोकडे कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना. अर्ध्यावर आल्यावर वहिनींची लय चुकली. पाणी तोंडात गेलं. त्या थांबल्या, हात वेडेवाकडे मारू लागल्या.

आणि नेमका तेव्हाच भाऊसाहेबांच्या पँटच्या खिशात, पाण्याखाली, मोबाइल थरथरला. मोठ्या साहेबांनी कळवलं असावं. हात आपोआप खिशाकडे निघाला. वहिनींचं डोकं वर आलं. त्यांना तो हात दिसला.

"अगं ये!" हात तसाच सोडून भाऊसाहेब ओरडले. सगळी इमारत घुमली. "मी बघतोय! इकडेच बघतोय! तू ये!"

तक्रार विभागात कुणी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. मोबाइल आणखी एकदा थरथरला आणि गप्प झाला. वहिनींनी श्वास घेतला, हात उचलला आणि त्या पुन्हा निघाल्या. हळूहळू, पाणी उडवत, सगळ्या बाकांवरच्या टाळ्यांमधून येत येत शेवटी त्यांनी समोरचा टाय धरला. हात मिळाला नाही म्हणून टाय. भाऊसाहेबांचा गळा आवळला गेला, पण त्यांची तक्रार नव्हती.

नंतर दोघं टॉवेल गुंडाळून बाकावर बसली. भाऊसाहेबांचा मोबाइल पहारेकऱ्याच्या तांदळाच्या डब्यात विश्रांती घेत होता. पुढे तो जिवंत झाला आणि आता टेबलाच्या खणात राहतो. वाजला तर उचलतात, गालिचे फक्त रविवारी. पण त्या वेळी कुणालाच त्याची आठवण नव्हती. दादा शिडीवर चढून पहारेकऱ्याला दिवा बदलून देत होते.

"मी ऐकलं नाही, हे तुला टॅक्सीत कळलं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तेव्हाच कळलं होतं. गालिच्याच्या दिवशी. तुम्ही ऐकलं असलं की तुमचं हं खाली उतरतं. ऐकलं नसलं की वर जातं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी चहाला मुद्दाम विचारलं, नंतर सांगणारच होते. पण तुम्ही फोन बुटात कोंबून समोर येऊन बसलात. 'बोल, मी ऐकतोय' म्हणालात. म्हटलं, चालू दे." वहिनी टॉवेलमध्ये हसल्या. "आठवडाभर माझा शब्द न् शब्द ऐकलात तुम्ही. अर्थ सगळे चुकीचे लावलेत. पण ऐकलंत ना! मला मोडवेना हो ते."

भाऊसाहेबांनी ओला टाय सोडला आणि बाकाखाली पिळला.

"आता पुढचं सांगू?" वहिनी म्हणाल्या.

"सांग."

"बाईंच्या पुढच्या तुकडीत एक जागा रिकामी आहे. रोज पहाटे. मी तुमचं नाव दिलंय. शेवटच्या दिवशी समोर मी उभी राहीन."

भाऊसाहेबांनी खोल टोकाकडे पाहिलं. या वेळी एकही शब्द निसटला नव्हता. त्यामुळे ऐकलंच नाही म्हणायची सोयही उरली नव्हती.

"हं," ते म्हणाले. आणि त्यांना स्वतःलाच ऐकू आलं, ते खाली उतरलं.